दुकान वाढवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आमच्या घरात 'दुकान वाढवणं' याचा एकच अर्थ होता, रात्री शटर ओढणं. अण्णा, म्हणजे माझे सासरे, दुकानाबद्दल 'बंद' हा शब्द कोणाला उच्चारू देत नसत. त्यामुळे 2022 च्या लक्ष्मीपूजनाला धाकटे दीर चोपड्यांसमोर बसून म्हणाले, "वहिनी, आता दुकान वाढवा," तेव्हा मी दचकलेच. त्यांना मोठं करा असं म्हणायचं होतं. माझ्या डोक्यात मात्र दुसराच अर्थ महिनाभर घोळत होता.

इंदूरला राजेंद्रनगरात आमचं मेडिकल आहे. अण्णांनी काढलेलं, एका शटरचं, जागा घरची. मी डी.फार्म., म्हणजे फार्मसीतली पदविका झालेली. माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेआधी फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन पाहिलं गेलं असा आमच्याकडे विनोद आहे आणि तो पूर्ण खोटा नाही. अण्णा गेल्यावर लायसन्स माझ्या नावानं नव्यानं काढलं, ह्यांची नोकरी चालूच होती, आणि काउंटर माझ्याकडे आला.

काउंटर आला तेव्हा आजूबाजूचं चित्र पार बदललेलं होतं. पायी जाण्याच्या अंतरावर साखळीतली दोन चकचकीत दुकानं, स्वस्त जेनेरिक औषधांचं एक सरकारी योजनेतलं जनऔषधी केंद्र, आणि प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर चार ॲप. तरुण गिऱ्हाईक स्क्रीन माझ्या तोंडासमोर धरून म्हणायचं, "दीदी, ऑनलाइन पे तो बीस परसेंट मिल रिया है." मराठी काकू एवढं थेट बोलत नसत. त्या फक्त यायच्या बंद झाल्या, आणि देवळात भेटल्यावर इकडच्या तिकडच्या गप्पा मारू लागल्या.

पहिली चूक मी लगेच केली. दारात बोर्ड लावला: सर्व औषधांवर 10 टक्के सूट.

इथे जरा हिशेब सांगते, कारण मेडिकलवाल्यांना ढीग पैसे सुटतात असा सगळ्यांचा समज असतो. सरकारनं ज्या औषधांच्या कमाल किमती ठरवल्या आहेत त्यांवर 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे किरकोळ दुकानदाराला 16 टक्के मिळतात. पण हे 16 टक्के खरेदीच्या किमतीवर मोजलेले असतात. छापील किमतीवर मोजले तर पावणेचौदाच्या आसपास येतात. बाकीच्या औषधांवर व्यापाराच्या रिवाजानं 20. माझ्या दुकानात दोन्हींची सरासरी 17 पडत होती. महिन्याची विक्री 4 लाख 20 हजार, म्हणजे हातात साधारण 71 हजार, आणि त्यातून दुकानात कामाला असलेल्या दोन मुलांचे पगार, वीज, फ्रीजसाठी इन्व्हर्टर, गाडीचं पेट्रोल.

बोर्ड लावल्यावर गर्दी वाढली. छापील किमतीनं बघितलं तर माल 4 लाख 90 हजारांचा खपला आणि गल्ल्यात 4 लाख 41 हजार आले. मी खूश. तीन महिन्यांनी ह्यांनी रविवारी बसून खरेदीची बिलं जुळवली आणि कागद माझ्याकडे सरकवला. सुटले होते महिन्याला 34 हजार. गल्ला फुगला होता आणि कमाई निम्म्यावर आली होती. ज्या औषधावर मला पावणेचौदा मिळतात त्यावर मी 10 देऊन टाकत होते, आणि वर दोघा मुलांना गर्दी आवरायला रात्री उशिरापर्यंत थांबवत होते.

बोर्ड काढला तेव्हा लोक चिडले. एक आजोबा म्हणाले, "सूनबाई, अण्णांच्या वेळी असं नव्हतं." अण्णांच्या वेळी सूटही नव्हती, पण हे कोण सांगणार?

नफ्याचा टक्का माझ्या हातात नाही एवढं यातून कळलं. मग हातात काय आहे ते शोधायला मी सुरुवात केली ती मागच्या रॅकपासून. चार रविवार दुकान दुपारी वाढवून आम्ही तिघांनी एकेक खण उतरवला. जे निघालं ते बघून लाज वाटली. खरेदीच्या किमतीनं साडेनऊ लाखांचा माल पडून होता, म्हणजे जवळजवळ पावणेतीन महिन्यांच्या विक्रीचा. कंपनीचा एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, येतो, 40 वर 10 फुकट अशी स्कीम सांगतो, आपण घेतो. समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर तो ब्रँड लिहीत असतात तोवर ठीक. ते दुसरीकडे गेले की नवे येणारे दुसरा ब्रँड लिहितात. आतलं औषध तेच, नाव वेगळं, आणि शेड्यूल एचच्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या औषधांच्या, चिठ्ठीवर जो ब्रँड लिहिलाय त्याच्या जागी दुसरा द्यायची मला कायद्यानं मुभा नाही. अशी फुकटची 10 पाकिटं विकत घेतलेल्या 40 पाकिटांसकट एक्सपायर झालेली मी स्वतः डब्यात टाकली. काही माल स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे, परत गेला, त्याची क्रेडिट नोट कापाकापी होऊन चार महिन्यांनी आली. काहींची परत करायची मुदतच टळून गेली होती. वर्षाचा आकडा 60 हजारांच्या पुढे निघाला. एक महिना मी फुकट राबले होते असंच म्हणा ना.

त्यानंतर घरात नियम केला: स्कीम बघून खरेदी नाही. इंदूरात राहण्याचा हा मोठा फायदा आहे. एमवाय हॉस्पिटलजवळच्या दवा बाजारातून सकाळी शॉर्ट बुक, म्हणजे संपलेल्या औषधांची यादी, पाठवली की दुपारी माल येतो, अडलंच तर संध्याकाळी पुन्हा मुलगा पाठवता येतो. महूच्या पलीकडच्या गावातल्या मेडिकलवाल्याला हे जमणार नाही, त्याला साठा करावाच लागतो. अर्ध्या तासावर अख्ख्या माळव्याचं कोठार असताना मी घरात दुसरं कोठार कशाला करत होते, हा प्रश्न अण्णांच्या काळात कोणाला पडला नाही कारण तेव्हा माल पडला तरी खपायचा.

साठा साडेनऊ लाखांवरून पावणेसहावर यायला वर्ष लागलं. सुटलेले पैसे मी स्टॉकिस्टना रोखीनं द्यायला वापरले. तीस दिवसांच्या उधारीऐवजी रोख दिलं की बिलावर दीड टक्का सुटतो. महिन्याला पाच-साडेपाच हजार. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सूटीचा बोर्ड लावून माझे याच्या सातपट गेले होते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. माझी मुलगी फार्म.डी., म्हणजे फार्मसीतली वरची पदवी, करते. सुट्टीत आली की काउंटरवर उभी राहते आणि मला प्रश्न विचारून हैराण करते. एकदा म्हणाली, "आई, या काकू या आठवड्यात तिसऱ्यांदा आल्या. का?" मी म्हटलं, गोळ्या संपतात म्हणून. ती म्हणाली, सगळ्या एकदम का नाही संपत?

खरंच का नाही संपत? कारण एक स्ट्रिप दहाची असते, एक चौदाची, एक पंधराची. बीपीची गोळी रोज एक, साखरेची रोज दोन, थायरॉइडची बाटली शंभराची. प्रत्येकीचा शेवट वेगवेगळ्या दिवशी. म्हातारी माणसं भर उन्हात एकेका स्ट्रिपसाठी चकरा मारतात, आणि ज्या दिवशी चक्कर होत नाही त्या दिवशी गोळी चुकते. परदेशात सगळी औषधं एका तारखेला आणून ठेवायची पद्धत बऱ्याच दुकानांनी अंगीकारली आहे असं तिनं सांगितलं. मी म्हटलं, करून बघू.

संगणकातल्या बिलांवरून दर महिन्याला येणारी 214 नावं निघाली. सुरुवात 20 जणांपासून केली. प्रत्येकाला विचारलं, तुमची सोयीची तारीख कोणती? पेन्शनवाल्यांनी 3 किंवा 4 सांगितली, नोकरदारांनी 8 नंतरची. पहिला महिना कटकटीचा गेला. सगळं एका तारखेवर आणायचं म्हणजे याची सहा गोळ्यांची तुकडी, त्याची अकरा गोळ्यांची. स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरीचं टोक शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवायचं आणि बिलावर दोन्ही लिहायचं, हे मुलांना घोकून घ्यायला लावलं. दुसऱ्या महिन्यापासून एकच पिशवी, एकच बिल, आणि वर सकाळ-दुपार-रात्रीचा तक्ता मोठ्या मराठी अक्षरात. सिंधी आणि माळवी घरांसाठी हिंदीत. ठरल्या तारखेला पूर्ण महिन्याचं घेऊन त्याच दिवशी पैसे देणाऱ्याला 5 टक्के सूट. ही सूट मला परवडते, कारण तो माल मी दोन दिवस आधी मागवते, तो माझ्या रॅकवर झोपत नाही.

गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत आधीच भरून द्या अशी मागणी खूप जणांनी केली. आम्ही ती मानली नाही. पट्टीबाहेर काढलेली गोळी कोणत्या बॅचची, कधीपर्यंत चांगली, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही, आणि जुलै-ऑगस्टातली ओल वेगळीच. डबी भरायची तर आठवड्याची, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर.

पिशवी भरायच्या दोन दिवस आधी मी फोन करते. दोनच प्रश्न: डॉक्टरांनी काही बदललं का, आणि घरात काय शिल्लक आहे? दुसऱ्या प्रश्नातून माणसाचं सगळं कळतं. साखरेच्या 14 गोळ्या शिल्लक असतील तर संध्याकाळची गोळी चुकतेय.

अशाच एका फोनमध्ये एक आजोबा सापडले. दोघंच नवरा-बायको, मुलगा पुण्याला. हृदयाच्या डॉक्टरांनी बीपीसाठी जोडगोळी लिहिलेली, तिच्यात टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन. घराजवळच्या डॉक्टरांनी पूर्वीपासून चालू ठेवलेली नुसती ॲम्लोडिपिन, वेगळ्या नावाची. दोन नावं, दोन रंग, त्यामुळे ते दोन्ही श्रद्धेनं घेत होते. ॲम्लोडिपिननं पायांना सूज येऊ शकते, मात्रा वाढली की जास्त. आजोबांचे घोटे सुजले होते. सूज उतरावी म्हणून कोणीतरी लघवी वाढवणारी गोळी दिली होती. आता ते रात्री चारदा उठत होते आणि आजींना काळजी होती की हे अंधारात पडतील. म्हणजे एका नावाच्या घोळापोटी तीन औषधं आणि रात्रीची झोप.

मी काहीही थांबवलं नाही, तो माझा अधिकार नाही. तिन्ही नावं आणि आतले घटक कागदावर लिहून दिले आणि दवाखान्यात फोन केला. डॉक्टर आधी जरा फणकारले. मग म्हणाले, त्यांना कागद घेऊन पाठवा. सुटी ॲम्लोडिपिन बंद झाली, काही दिवसांनी लघवीचीही. महिन्याभरात घोटे दिसायला लागले.

आणि माझं बिल दोन औषधांनी कमी झालं. धंदा म्हणून पाहिलं तर हा तोटाच. आपलं काम नीट केलं की आपली विक्री घटते, असं आणखी किती धंद्यांत होतं मला माहीत नाही.

म्हणून मी दुसरी चूक केली. औषधांची तपासणी 100 रुपये, असा कागद काउंटरवर चिकटवला. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मसिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे, तर कामाचे पैसे का नकोत? कोणीही दिले नाहीत. एक काकू म्हणाल्या, "तुला विचारायचे पैसे? अगं, तुझं लग्न मी जमवलं!" हे खरं असल्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलगी म्हणाली, तू चुकीच्या माणसाकडे मागतेयस. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिल शहरात 1996 मध्ये तिथल्या नगरपालिकेनं आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांना गल्लीतल्या फार्मसिस्टशी जोडून दिलं आणि त्या वेळेचे पैसे नगरपालिकेनं भरले, कारण कर्मचाऱ्यांच्या आजारपणाचा खर्च तिच्याच खिशातून जात होता. इंग्लंडात 31 जानेवारी 2024 पासून सात साध्या आजारांसाठी लोक थेट फार्मसीत जाऊ शकतात, आणि प्रत्येक सल्ल्याचे पैसे, सुरुवातीला 15 पौंड होते, सरकारी आरोग्यसेवा दुकानाला देते. दोन्हीकडे रुग्णाच्या खिशात कोणी हात घातलेला नाही. आपल्याकडे असा पैसे भरणारा कोण? ओपीडीच्या गोळ्यांचा खर्चच बहुतेक विमा देत नाही, सल्ल्याचा कुठून देणार.

उत्तर पुण्याहून फोनवर आलं. त्या आजोबांचा मुलगा. आईनं सगळं सांगितलं म्हणाला, आणि मग जरा अडखळत, "काकू, दर महिन्याला तुम्हीच बघाल का? काय होतील ते पैसे मी पाठवतो." मी उगीचच "अरे, पैसे कसले" म्हणणार होते. जीभ चावली आणि म्हटलं, दोघांचे मिळून 200 रुपये.

आमच्या भागात अशी घरं मोजायला बसलात तर थकाल. मुलं पुण्यात, बंगलोरात, न्यू जर्सीत. इथे दोन म्हातारी माणसं आणि एक तुळशीवृंदावन. त्या मुलांना रोज रात्री टोचत असतं की आईनं गोळी घेतली असेल का. त्यांना मी महिन्याला तक्त्याचा फोटो, बिल, काय बदललं आणि काय शिल्लक राहिलं एवढं व्हॉट्सॲपवर पाठवते. आईवडिलांना विचारूनच, हे पहिल्या दिवशी ठरवून घेतलं. एका आजोबांनी नको म्हटलं, त्यांच्या मुलाला मी काही कळवत नाही, तो चिडला तरी. आज अशी 31 घरं आहेत. शिवाय एक वृद्धाश्रम, 26 माणसं, माणशी 100 रुपये, ते संस्था भरते. दोन्ही मिळून 8,800. दुकानातल्या एका मुलाचा पगार होत नाही, पण बराचसा निघतो, आणि या घरांची औषधं ॲपवरून मागवणं बंद झालं ते वेगळंच.

जनऔषधी केंद्र घ्यावं का, याचाही विचार केला होता. तिथेही 20 टक्के मिळतात, पण 12 रुपयांच्या पाकिटावर 20 टक्के म्हणजे किती ते तुम्हीच करा. माझ्या विक्रीच्या आकाराला ते झेपलं नसतं. ज्यांना महिन्याचा खर्च जड जातो त्यांना मात्र मी स्वतः सांगते, डॉक्टरांकडून जेनेरिक नाव लिहून आणा आणि तिकडून घ्या. यावर आमच्या व्यवसायातले काही जण मला वेडी म्हणतात.

तेच लोक दुसऱ्या एका कामात माझ्याबरोबर आहेत. आम्ही पाच छोट्या दुकानांनी एकत्र खरेदी सुरू केली. आधी वाटलं होतं एकानं घ्यायचं आणि वाटून द्यायचं. पण एका किरकोळ दुकानानं दुसऱ्याला विकायला माल देणं म्हणजे घाऊक व्यापार, त्याला 20बी-21बीचं वेगळं लायसन्स लागतं. म्हणून आता पाच जण ठरलेल्या वारी एकाच स्टॉकिस्टला ऑर्डर देतो, तो दर एकत्र मालावर ठरवतो आणि बिलं पाच फाडतो. निम्म्या बैठका भांडणात गेल्या. एकानं आमचे ठरलेले भाव दुसऱ्या स्टॉकिस्टला सांगून स्वतःपुरता अर्धा टक्का मिळवला. तोही अजून आमच्यात आहे, त्याच्या इन्सुलिनच्या फ्रीजला दोनदा माझा इन्व्हर्टर लागलाय.

22 सप्टेंबर 2025 ला औषधांवरचा जीएसटी बाराचा पाच झाला तेव्हा रॅक हलका असल्याचं खरं मोल कळलं. जुन्या छापील किमतीचा माल नव्या कमी भावानं विकायचा. माझं जीएसटीचं खातं नियमित, त्यामुळे भरलेल्या कराचं क्रेडिट तरी अडकून का होईना शिल्लक राहिलं. आमच्यातला एक जण कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या कर-योजनेत, त्याला क्रेडिट नाही. त्याचा रॅक भरलेला होता. दोन रात्री त्याच्याकडे बसून आम्ही याद्या केल्या, त्याच्या बायकोनं पोहे केले, आणि कोणी फारसं बोललं नाही.

सगळं सुरळीत आहे असं नाही. दुकानात रजिस्टर्ड फार्मसिस्ट मी एकटीच, त्यामुळे भाचीच्या लग्नालाही जाऊन परत. दुसरा फार्मसिस्ट पगारावर ठेवण्याइतके पैसे अजून सुटत नाहीत. एच1च्या, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा औषधांच्या, रजिस्टरात नोंद करायची म्हणून चिठ्ठी मागितली की झोपेच्या गोळीवाले अजून शेजारच्या गल्लीत निघून जातात. विक्री 4 लाख 40 हजारांच्या पुढे सरकत नाही. दीर यंदाच्या दिवाळीतही म्हणाले, "वहिनी, वाढवा." मी त्यांना फराळाचं ताट वाढलं.

काल साडेनऊला शटर अर्धं ओढलं होतं तेवढ्यात फोन वाजला. वृद्धाश्रमातल्या ताई.

"वहिनी, दुकान वाढवलंत का?"

"नाही हो, पाच मिनिटं आहे. पाठवा कोणाला तरी."

आणि शटर पुन्हा वर केलं.